व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, भर पावसात, आतेसासूबाईंसकट

दर वर्षी जून संपत आला की ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारतंच, की अगं व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय, घरचे सगळे आहेत, पाऊस नसेल असा महिना सांग ना. असा महिना नाहीये हो. उत्तराखंडातली ही फुलांची घाटी 1 जूनला उघडते आणि 31 ऑक्टोबरला बंद होते, त्यात जूनमधे ठिकठिकाणी बर्फ, ऑक्टोबरमधे नुसतं पिवळं गवत, आणि फुलं म्हणाल तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत, म्हणजे नेमकं तेव्हाच जेव्हा तिकडे आभाळ फाटलेलं असतं. फुलं बघायची असतील तर भिजणं धरूनच चाला आणि तयारी त्या हिशोबाने करा. आम्ही इंदूरहून दोनदा गेलोय, पहिल्यांदा नुसते मित्रमैत्रिणी, आणि दुसऱ्यांदा नऊ जणांची वरात, त्यात साठी ओलांडलेल्या आतेसासूबाई, नणंद आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं. दुसऱ्या वेळी जे शिकलो ते लिहितेय.

सगळ्यात आधी रजेचं बघा, कारण घोळ तिथेच होतो. इंदूरहून हरिद्वारला थेट गाडी आहे, पुढे घाटीकडे वळायचं ते गोविंदघाट रस्त्याने 300 किलोमीटरच्या आसपास, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली करत जोशीमठ आणि मग गोविंदघाट. रस्ता साफ असला तर दहाबारा तासांत होतं, पण पावसाळ्यात तो साफ असेलच याची गॅरंटी कोणी देत नाही. पिपळकोटी आणि जोशीमठच्या मधे पागल नाला म्हणून जागा आहे, नावातच सगळं आलं. आमच्या वेळी पुढे दरड आली म्हणून पिपळकोटीला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी दुपार बसून काढली, जेसीबी येईपर्यंत भाच्याने पत्त्यांत सगळ्यांना तीनदा लुटलं. पण आमच्याकडे दोन दिवस जास्तीचे होते म्हणून ती मजा वाटली. सोबतच्या एकाने मात्र कोणाला न विचारता डेहराडूनहून परतीचं विमान अगदी काठावरचं काढून ठेवलेलं, त्याने त्या दीड दिवसात सगळ्यांचं डोकं खाल्लं. तेव्हा प्रत्यक्ष लागणाऱ्या दिवसांत दोन रिकामे दिवस टाका, एक जातानाचा आणि एक परतीचा, आणि परतीचं रिझर्व्हेशन त्यानंतरचंच करा. रिकामा दिवस उरला तर हरिद्वारला गंगेवर घालवा, वाया जात नाही.

दुसरी गोष्टही घरीच करायची, माघारी कधी फिरायचं ते ठरवायचं. डोंगरात ओलंचिंब उभं राहून नऊ जणांची मीटिंग घेतली तर काय होतं माहितीये का, ज्याला त्रास होत असतो तो लाजेने गप्प बसतो आणि ज्याच्यात दम असतो तोच बोलतो. आम्ही एका रविवारी घरी पोहे-जिलबी खाता खाता ठरवून टाकलं की हेमकुंडच्या (घाटीजवळच उंचावर असलेलं तळं आणि गुरुद्वारा) चढावर साडेअकराला जो जिथे असेल तिथून मागे फिरणार, वर पोचायला अर्धा तास राहिला असला तरी. डोकं दुखतंय किंवा मळमळतंय असं कोणी म्हटलं की त्याला वर न्यायचं नाही. आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी खोलीतच बसायचं. अंताक्षरी खेळा, काहीही करा. पैसे सगळ्यांचे लागलेत, एवढ्या लांब आलोय, हे वाक्य वर कोणी ना कोणी बोलतंच, म्हणून आधीच ठरलेलं बरं. आमच्यात ते नणंदेचे मिस्टर बोलले, आणि ते तर आलेही नव्हते, फोनवर बोलले!

प्रॅक्टिससाठी आपल्याकडे इंदुरात रालामंडलची टेकडी आहे ना. दीड महिना आधीपासून आठवड्यातून दोनतीनदा चढा, पण पाठीवर पाच किलोची बॅग घेऊन आणि पाऊस पडत असेल तेव्हा मुद्दाम. एक रविवार महूकडे जानापावच्या डोंगरावर घाला. यात दम वाढतो तो वाढतोच, पण खरा फायदा म्हणजे कोणाचा बूट चावतो, कोणाचा रेनकोट काखेत गळतो, कोणाला उतरताना गुडघा त्रास देतो, हे सगळं घराजवळच कळतं. माझा नवीन पाँचो रालामंडललाच खांद्यावर फाटला, दोनशे रुपयांचा होता, रडू आलं नाही. तेच हेमकुंडला झालं असतं तर?

आता सामान. सुती काहीही नको, हे मी ठळक अक्षरांत सांगतेय. जीन्स, बनियन, ती आपली आवडती कॉटनची कुर्ती, काही नाही. सुती कपडा पाणी पितो, वाळत नाही, आणि अंगातली ऊब ओढून घेतो. खेळाचे सिंथेटिक टीशर्ट चालतात, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर (लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते), आणि सगळ्यात वर रेनकोट. थंडीचा अंदाज असा घ्या, साधारण दर 1,000 मीटरला साडेसहा अंश कमी. इंदूर 550 मीटरवर, मुक्कामाचं गाव घांघरिया 3,050 च्या आसपास, आणि हेमकुंड 4,300 च्याही वर. म्हणजे इथे पावसात 26 अंशात आपण भजी तळतो तेव्हा वर हेमकुंडला दीडदोन अंश असू शकतात, आणि ते ओल्या अंगाला वारा लागत असताना.

बॅगेच्या वरून घालायचं जे रेनकव्हर मिळतं त्यावर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत जातंच. कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घ्या (इंदूरकरांना कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल मी काय शिकवणार), ती रिकाम्या बॅगेच्या आत अस्तरासारखी बसवा, सगळं सामान त्यात भरा, हवा दाबून काढा, तोंड पीळ देऊन फिरवा आणि तो पीळ दुमडून खाली खोचून टाका. गाठ मारायची नाही, गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही. त्यातच अजून एका पिशवीत झोपताना घालायचे कपडे आणि दोन जोड मोजे, त्या पिशवीला दिवसा हात लावायचा नाही, काहीही झालं तरी. दिवसभर ओल्या मोज्यांत चाललात तरी चालेल, सकाळी तळपायाला आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन चोपडून घ्या म्हणजे फोड कमी येतात, पण रात्री पाय कोरड्या मोज्यांतच गेले पाहिजेत. आणि सकाळी उठून परत ते कालचे गार ओले मोजे चढवायचे. शिव्या येतात तोंडात, पण कोरडे जोड वाचतात. रद्दीचे दोनतीन पेपर न्या, रात्री बुटांत कोंबून ठेवायला.

खायला शेव, चिक्की, खाकरा, राजगिऱ्याचे लाडू, असं जे चालता चालता एका हाताने तोंडात टाकता येईल ते, आणि खिशात, बॅगेत नाही. पावसात बॅग उघडून खायचा कंटाळा येतो, मग माणूस खात नाही आणि मग थंडी वाजते. लवंगी शेव वर फार चालली, आमच्यापेक्षा घोडेवाल्यांनीच जास्त खाल्ली. रोख पैसे जोशीमठलाच काढून ठेवा. हेमकुंडसाठी उत्तराखंडचं यात्रा रजिस्ट्रेशन ऑनलाइन करावं लागतं ते निघायच्या आधी करून प्रिंट काढा, ओला मोबाइल ऐनवेळी बोट ओळखत नाही.

चालण्याचं असं आहे की गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, तिथून घांघरिया नऊदहा किलोमीटर. वाट चांगली दगडांची बांधलेली, चहाची दुकानं लागतात, भ्यूंडारपर्यंत बरं जातं, तिथे नदी ओलांडली की खरा चढ लागतो. लक्ष्मणगंगा सोबतच असते, तिचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. 2013 च्या जूनमधे हीच नदी कोपली होती, तेव्हा इथले पूल, वाट, भ्यूंडारमधली घरं वाहून गेली, त्यामुळे स्थानिक माणूस थांबा म्हणाला की थांबायचं, आपली अक्कल चालवायची नाही. घोडा, पालखी, कंडी (माणसाच्या पाठीवरची टोपली) सगळं मिळतं, आणि आतेसासूबाईंनी पुलनाहून घोडा केला यात कमीपणा काही नाही, उलट त्या आमच्या आधी दोन तास पोचून गुरुद्वाऱ्याचा चहा पिऊन बसल्या होत्या. फक्त घोडे येताना तुम्ही डोंगराच्या बाजूला व्हायचं, दरीच्या नाही.

घाटी आधी करा आणि हेमकुंड दुसऱ्या दिवशी. बरेच जण उलटं करतात, मला ते पटत नाही, एक दिवस 3,000 च्या वर चालून शरीराला सवय होऊ द्यावी. घाटीत मुक्काम करता येत नाही, तंबूबिंबू काही न्यायचा नाही, वन खात्याच्या चौकीवर पावती करून सकाळी जायचं आणि संध्याकाळी 5 च्या आत बाहेर. म्हणजे रोज रात्री घांघरियाच्याच खोलीत परत, घरच्यांना घेऊन जायला ही जागा बरी ती त्याचमुळे. आत धुकं असेल तर वैतागू नका, थांबा, ते पडद्यासारखं वर जातं आणि अख्खा उतार गुलाबी दिसतो. जवळ जाऊन बघितलं तर आपल्या तेरड्याचीच भावंडं, खांद्याएवढी वाढलेली. भाचा म्हणाला, मामी, हे तर आजीच्या कुंडीत आहे, आपण इतक्या लांब का आलो?

हेमकुंडचा दिवस मात्र नीट सांगते. घांघरियाहून साधारण सहा किलोमीटर पण चढ हजार मीटरच्या वर, पहाटे निघालो, आतेसासूबाईंना आता चालायचंच होतं, आणि सात वाजता पाऊस लागला तो थांबलाच नाही. दहाच्या सुमारास एका वळणावर सगळे चिक्की खात होतो, त्यांनी पाकीट हातात धरलं आणि त्यांना ते फोडताच येईना. दोनदा प्रयत्न केला, मग नुसत्या बघत राहिल्या. मी म्हटलं, आत्या, अंगठा करंगळीला लावून दाखवा बरं. नाही लागला. आणि वर मला म्हणाल्या, काही नाही गं, छान वाटतंय, पण शब्द जड येत होते, दात उपटल्यावर येतात तसे. ही गारठ्याची सुरुवात असते. अडखळणं, बोबडं बोलणं, चिडचिड, हाताने बारीक काम न होणं, हे दिसलं की माणूस ठीक आहे म्हणत असला तरी ऐकायचं नाही. आणि कुडकुडणं आपोआप थांबलं तर बरं झालं असं समजू नका, ते जास्त वाईट असतं, तेव्हा सरळ मदत मागा, 112 लावा, चौकीवर माणूस पळवा.

आम्ही काय केलं तर शेजारच्याच चहाच्या ताडपत्रीखाली नेलं, दोघींनी चादर धरली, ओले कपडे पूर्ण काढले, माझी ती हात न लावायची पिशवी उघडली (याचसाठी ती असते), कोरडी टोपी, कोरडे मोजे, वर दोन जाकिटं, दोन्ही बाजूंनी माणसं चिकटून बसली, आणि खूप साखरेचा गरम चहा घोटघोट. हातपाय चोळायचे नाहीत, ब्रँडीचा घोट तर मुळीच नाही, त्याने ऊब अजून निघून जाते. वीस मिनिटांनी त्यांनी चहात साखर जास्त झाल्याची तक्रार केली तेव्हा जीव भांड्यात पडला. मग त्या, मी आणि नवरा असे खाली आलो, बाकीचे वर गेले, कारण तेही घरीच ठरलेलं होतं की कोणी उतरला तर एकटा उतरणार नाही आणि सगळ्यांची ट्रिपही मोडणार नाही. वर गेलेल्यांना गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी मिळाली, तळं धुक्यात दिसलं नाही, ब्रह्मकमळं दिसली. ती तोडू नका, फोटो काढा.

विजा चमकायला लागल्या तर चमक आणि आवाज यातले सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आलं की उघड्या धारेवरून खाली उतरा, एकट्या झाडाखाली उभं राहू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजांसाठी चांगलं आहे, पण त्याला नेटवर्क लागतं, म्हणून मोजता आलं पाहिजे. ओढा वाटेवरून वाहत असेल तर सकाळी ओलांडा, दुपारी पाणी चढतं. बॅगेचा कमरेचा पट्टा सोडून टाका म्हणजे पडलात तर बॅग फेकता येईल, आणि गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर पलीकडे जायचंच नाही. जिथे वरून दगड सुटतात तिथे एकेकाने भराभर जायचं, कानातले हेडफोन काढून, आणि एकाने बाजूला सुरक्षित जागी उभं राहून वर नजर ठेवायची. सेल्फी तिथे नको. सांगावं लागतं, आमच्यातल्याच एकाने काढला म्हणून सांगतेय.

उतरताना गुडघे बोलतात, पुलनाला काठ्या मिळतात, जातानाच सगळ्यांसाठी घ्या, परतीत आठवण येऊन उपयोग नाही. गाडीत बसायच्या आधी हरिद्वारला एकदा बुटांतले पेपर बदला आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून टाका, नाहीतर डब्यातले लोक तुमच्याकडे बघतात. आमच्याकडे बघत होते. घरी आल्यावर बूट उन्हात ठेवू नका, सोल सुटतो, पंख्याखाली दोन दिवस ठेवा.