अंगणवाडीतला तान्हा पोळा: या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात चाकांचे लाकडी नंदी दोरीनं ओढत लेकरं गल्लीभर फिरतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली हा तान्हा पोळा मुद्दाम लेकरांसाठी सुरू केला, असं सांगतात. अंगणवाडीत मात्र तो बघता बघता मोठ्यांचा होतो.

सगळ्यांत मोठी चूक नंबर काढण्याची. उंच, सजवलेल्या नंदीला पहिला नंबर दिला की बक्षीस लेकराला नाही, बापाच्या खिशाला मिळतं. मजुराचं पोरगं शेजारचा नंदी मागून आणतं आणि मागं उभं राहतं. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात सगळ्यांनाच मातीचे बैल करू द्या. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडा गव्हाचा भुसा मळा. शिंगं तुटत असतील तर तुराटीचे बारीक तुकडे खोचा, टोकं आधी घासून घ्या. चार वर्षांच्या पोराचा बैल वांग्यासारखा दिसणार, दिसू द्या. मदतनीस ताई मायेनं हळूच पाठ नीट करायला जातात, त्यांना आवरा.

दुसरी चूक पाहुण्यांची वाट बघण्याची. सरपंच येईपर्यंत नटूनथटून बसलेली पोरं रडायला लागतात, आणि मग फोटोसाठी आपणच त्यांना दटावतो. दहाला ठरलं तर दहाला सुरू करा. अर्ध्या तासात आटपा, खिचडीची वेळ चुकवू नका.

ढोल वाजला की एखादं लेकरू कानावर हात ठेवून सेविकेच्या पदराला बिलगतं. त्याला पुढं ढकलू नका, आत बसवा. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची यमकाची कवनं, तोंडी म्हणा, पोरांना 'हर बोला' ओरडायला फार आवडतं. सुटे मणी, घुंगरू आणि फुटलेले फुगे तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

पूजेचं आधी पालकांना विचारा. गावात बौद्ध, मुस्लिम, गोंड, कोरकू घरं असतात. बैलाचं कौतुक, चाऱ्याची गोष्ट यांत सगळेच येतात, हात जोडायची सक्ती नको. दसऱ्याला तर जास्त जपा. कुणाच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची पूजा होते, काही आदिवासी घरांतही त्याला मानतात. अशा लेकरासमोर 'दुष्ट रावण' जाळायचा अट्टहास कशाला?

बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या लेकरांना द्यायचे पैसे किंवा खाऊ, अंगणवाडीत द्यायचाच तर सगळ्यांना सारखा द्या, गुळ-शेंगदाण्याचा लाडू पुरतो. नोटा नकोत. घरी गेल्यावर कुणाला किती मिळाले याची मोजदाद होते आणि दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार तुमच्याच दारात येते.