मित्रांचा बँड आहे, आवाज बदलायचाय आणि मित्र पण राहायचंय? मग हे करून बघा

बँड सुरू करायला फार काही लागत नाही, तीन-चार मित्र, एक उधारीचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) आणि कोणाच्या तरी आईने कुरकुरत दिलेली मागची खोली. खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते, कोणीतरी म्हणतो "यार आपण तेच तेच वाजवतोय" आणि दुसऱ्याचं तोंड पडतं, कारण ते तेच तेच त्याने बसवलेलं असतं. आमच्याकडे हे दोनदा झालं. पहिल्यांदा बँड फुटला, दुसऱ्यांदा नाही फुटला, म्हणून लिहितोय.

आधी नाव आणि पैसे मिटवा. हो, संगीताच्या आधी. गाणं ज्या दिवशी उभं राहतं त्याच दिवशी शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के हे ठरवून ग्रुपवर पिन करून टाका, कारण पुढे आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाणं नोंदवताना हे हिस्से भरावेच लागतात आणि तोपर्यंत प्रत्येकाला फक्त आपापलंच आठवत असतं. आमचा पहिला बँड एका अंतऱ्याच्या चालीवरून फुटला, गाणं चाललंही नव्हतं बरं का. सगळ्यात सोपं म्हणजे आरईएमसारखं करा. अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्समध्ये १९८० ला चौघांनी सुरू केलेला बँड, गाण्याची कल्पना कोणाचीही असो, क्रेडिट चौघांचं. २०११ ला थांबले ते पण न भांडता.

आता आवाज, म्हणजे गळा नाही, बँडचा एकूण साउंड. इथे सगळे पहिली चूक करतात ती म्हणजे नवीन पेडल (पायाने दाबायचा, गिटारचा आवाज बदलणारा डबा) विकत घेतात. पेडलने आवाज बदलतो, बँड बदलत नाही. दिल्लीच्या इंडियन ओशनचं बघा ना, १९९० ला सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्तीने सुरू केला, रॉक बँड म्हणायचा तर गायक असीमच तबला वाजवतोय. मग बासवर राहुल राम आला, हा माणूस कॉर्नेलमधून पीएचडी करून नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेला, म्हणजे आपल्या धडगाव-अक्कलकुव्याची गावं ज्या धरणात गेली तेच आंदोलन, आणि 'माँ रेवा' हे गाणं बँडमध्ये आलं ते त्या खोऱ्यातूनच. दुकानातून नाही. तर महिन्यातून एकदा प्रत्येकाने बँडच्या बाहेरचं काहीतरी घेऊन यायचं, आजीची जात्यावरची ओवी मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेली असो नाहीतर गावच्या भजनी मंडळाचा ठेका, आणि त्यावर निदान वीस मिनिटं वाजवायचं. बहुतेक वेळा फालतू निघतं. चालतं.

दुसरा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, गप्प बसायची पाळी. एक जुनं, पाठ झालेलं गाणं घ्या आणि दर वेळी एकाने वाजवायचंच नाही, फक्त ऐकायचं. आम्ही पहिली पाळी लीड गिटारवाल्याला दिली, रिफ (गिटारची परत परत येणारी धून) बासने उचलला, ड्रमरने काठ्या ठेवल्या आणि खराट्याच्या हिरांची जुडी रबरबँडने बांधून तिने स्नेअर, म्हणजे समोरचा छोटा ड्रम, वाजवला (ड्रमचे ब्रश घ्यायला पैसे नव्हते), आणि दुसऱ्या कडव्याचे शब्द आम्हाला पहिल्यांदा नीट ऐकू आले, चार वर्षं वाजवत होतो तरी. गिटारवाला चहाचा ग्लास घेऊन अँपवर बसून होता, दोन दिवस फुगला, मग आला आणि त्या कडव्यात फक्त दोन नोट्स वाजवल्या. गाणं तिथेच बदललं. वाद्यांची अदलाबदल पण करून बघा, आरईएमच्या पीटर बकने गिटार ठेवून मँडोलिन हातात घेतलं त्यातूनच १९९१ चं 'लूझिंग माय रिलिजन' आलं.

रेकॉर्डिंगचं एक सांगतो. मोबाईल ड्रमपासून लांब, खोलीच्या मध्ये स्टुलावर ठेवा, नाहीतर नुसता झांजांचा खणखणाट. आणि त्याच दिवशी ऐकू नका, सगळे दमलेले आणि चिडलेले असता. दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी ऐका आणि ग्रुपवर मिनिट-सेकंद टाकून एकच मुद्दा लिहा. "२:१० ला बास मागे पडतोय" असं लिहायचं, "तू मागे पडतोस" असं नाही. हसू नका, अर्धी भांडणं यानेच कमी झाली.

कोणी सोडून गेलं तर? जाणारच कोणीतरी, नोकरी, लग्न, काहीही. इंडियन ओशनवर तर फार वाईट वेळ आली, असीम २५ डिसेंबर २००९ ला वारलाच. त्याच्या आवाजातली गाणी २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' नावाने इंटरनेटवर एक-एक करून फुकट दिली, तो पत्ता म्हणजे करोलबागेतलं त्यांचं रियाजाचं जुनं घर. आणि त्याच्या जागी त्याची कॉपी नाही आणली, गायला हिमांशु जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, म्हणजे एकाच्या जागी दोघं. २०१३ ला सुष्मित पण बाहेर पडला, निखिल राव गिटारवर आला, बँड चालूच.

म्हणून नवीन माणसाला "तो वाजवायचा तसंच वाजव" म्हणू नका. आमचा गायक बंगळुरूला गेला, तो काळी दोनमध्ये गायचा, नवीन आलेल्या मुलीची पट्टी काळी पाच. सगळे कॉर्ड बदलले, शेवटी कॅपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा, पट्टी चढवणारा चिमटा) सहाव्या फ्रेटवर, म्हणजे सहाव्या पट्टीवर लावला आणि ई कॉर्डची बोटं धरली, गिटार एकदम बारीक, टुणटुण वाजायला लागली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कारण हेच तर शोधत होतो. जुन्या गायकाचा हिस्सा जसाच्या तसा ठेवलाय, ग्रुपमधून पण काढला नाही. रविवारी रेकॉर्डिंग टाकलं की पहिला मेसेज त्याचाच येतो, "१:४२, बास अजून मागेच".