जोडीदार गमावल्यानंतर पुन्हा विश्वास, पुन्हा प्रेम : अमिश समाजातील वाट

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर परगण्यात राहणाऱ्या अमिश या साध्या, परंपरानिष्ठ राहणीच्या ख्रिस्ती पंथातील लोकांना घटस्फोट मान्य नाही आणि जोडीदार हयात असेपर्यंत दुसरे लग्न करता येत नाही. त्यामुळे नव्याने संसार मांडण्याचा प्रश्न तेथे प्रामुख्याने विधवा आणि विधुर यांच्यापुढे उभा राहतो. पुढील सूचना त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जवळच्या माणसांसाठी आहेत.

पहिले वर्षभर कोणताही निर्णय घेऊ नये. या काळात विधवा काळे कपडे घालते, आणि ज्या रविवारी प्रार्थनासभा नसते त्या रविवारी आप्तेष्ट तिला भेटायला येत राहतात. आलेल्यांना ‘मी ठीक आहे’ एवढेच सांगून वाटेला लावू नये. कोणी गोठ्यातले काम आटोपून दिले, कोणी शिधा आणून ठेवला, तर संकोच न करता तो स्वीकारावा, कारण तुटलेल्या मनाला माणसांवरचा विश्वास आधी अशा लहानसहान मदतीतूनच परत मिळतो. प्रेमाचा विचार त्यानंतरचा.

मन मोकळे करण्यासाठी अमिश विधवांची एक रीत मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे फिरत्या पत्रांची. एकाच दुःखातून गेलेल्या काही जणींमध्ये एक जाडजूड पाकीट टपालाने फिरत असते. ते घरी आले की सगळ्यांची पत्रे वाचायची, आपले मागच्या फेरीतले पत्र काढून घ्यायचे, नवे लिहून त्या जागी ठेवायचे आणि पाकीट पुढे धाडायचे. काढून घेतलेली आपली जुनी पत्रे जपून ठेवावीत. चार-सहा फेऱ्यांनंतर ती सलग वाचली, की आपण किती सावरलो आहोत हे स्वतःच्याच अक्षरात दिसते.

मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाला असेल, तर क्षमेचा प्रश्न टाळता येत नाही. 2 ऑक्टोबर 2006 रोजी याच परगण्यातील निकेल माइन्स येथील शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच अमिश मुलींचा जीव घेतला आणि नंतर आत्महत्या केली. त्याच दिवशी काही अमिश माणसे त्याच्या कुटुंबीयांच्या सांत्वनासाठी गेली, आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही अनेक जण उपस्थित राहिले. त्यांनी क्षमा केली म्हणजे त्यांचा राग त्या दिवशी शमला, असे मात्र समजू नये. सूड घ्यायचा नाही हा निश्चय आधी होतो, मन मागाहून हळूहळू निवळते, आणि तोपर्यंत तोच निश्चय रोज नव्याने करावा लागतो. दुःख उसळून आले म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार क्षमेच्या नावाखाली झाकले गेल्याच्या तक्रारी या समाजातूनही पुढे आल्या आहेत. अशा वेळी पोलिसांकडे जावे. क्षमा केली म्हणून त्या माणसावर पुन्हा विश्वास ठेवलाच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही.

नव्या स्थळाचा विचार सुरू झाला की घाई करू नये. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि त्यात गैर काही नाही. त्या व्यक्तीला केवळ गोड बोलण्यावरून न जोखता, गाठीभेटींत ती मुलांशी, म्हाताऱ्यांशी आणि जनावरांशी कशी वागते हे पाहावे. दिवंगत जोडीदाराविषयी दोघांनीही मोकळेपणाने बोलावे. ते नाव घेताच समोरचा अस्वस्थ होत असेल, तर आणखी थांबावे. लग्नासाठी दोघांनीही बाप्तिस्मा घेऊन चर्चचे सदस्यत्व स्वीकारलेले असणे आवश्यक असते.

लँकेस्टरमध्ये पहिली लग्ने बहुधा सुगी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास, मंगळवारी किंवा गुरुवारी होतात. विधवा-विधुरांचे लग्न मात्र लहान प्रमाणात आणि वर्षात इतर वेळीही होऊ शकते. या मोकळिकीचा उपयोग मुलांसाठी करून घ्यावा. दोन घरची मुले एका टेबलाभोवती जेवायला बसणार असतील, तर त्यांना आधी काही वेळा एकत्र जेवू द्यावे, आणि तारीख त्यानंतरच ठरवावी.