पाळणाघर बघायला रविवारी जाऊ नका: या चुका टाळा

बहुतेक आईबाबा पाळणाघर बघायला जातात ते रविवारी सकाळी, नाहीतर संध्याकाळी कामावरून परतताना. म्हणजे नेमकी मुलं नसतात तेव्हा. मग बघायला उरतं काय, तर भिंतीवरची रंगीत चित्रं, घसरगुंडी आणि गोड बोलणाऱ्या संचालिकाबाई. नाशिकमधलं गंगापूर रोडचं चकाचक डे-केअर असो की सिडकोतल्या एखाद्या काकूंचं घरगुती पाळणाघर, रिकामं असताना दोन्ही छानच दिसतात.

जायचं ते दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान. तेव्हा एकाचं जेवण सांडलेलं असतं, दुसऱ्याने शी केलेली असते, तिसरं झोपेला आलेलं असतं, आणि एक मावशी डबे आवरायला आत गेलेली असते. अशा वेळी खोलीत बसा आणि मोजा. मुलं किती, मोठी माणसं किती. स्वयंपाकवाल्या ताई आणि गेटवरचे काका मोजायचे नाहीत, ब्रोशरमध्ये मात्र तेही ‘स्टाफ’ असतात. न चालणारी तीन, फार तर चार बाळं एका बाईकडे, याच्या पुढे मी तरी जाणार नाही. पटत नसेल तर एवढंच विचारा, आग लागली तर ही बाई एका खेपेत किती तान्ही उचलून बाहेर आणेल?

पहिल्यांदा फोन करून गेलात तरी दुसऱ्यांदा न कळवता जा. ‘मुलं डिस्टर्ब होतात म्हणून पालकांना आत सोडत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

कॅमेऱ्यावर विसंबणं

‘मोबाइलवर लाइव्ह दिसतं’ ऐकलं की निम्मे पालक तिथेच फॉर्म भरतात. कॅमेऱ्यात हॉल दिसतो. डायपर बदलायची जागा, मोरी, स्वयंपाकघर दिसत नाही, आणि बहुतेक वेळा आवाजही नसतो. शिवाय तुमचं मूल जसं तुम्हाला दिसतं तसं बाकीच्या सगळ्या घरांनाही दिसतं, हेही लक्षात असू द्या. कॅमेरा असावा, पण त्याच्या जिवावर निर्णय नको. मावशी किती वर्षं टिकून आहेत ते विचारा. दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असेल तर मुलाला रोज अनोळखी बाईच्या हाती दिल्यासारखं होतं.

‘काय खायला देता?’ एवढंच विचारणं

मेनूचा तक्ता सगळ्यांकडेच असतो. त्याऐवजी विचारा, द्राक्षं कशी देता? नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षं असतात, कुणी ना कुणी डब्यात देतंच. अख्खं गोल द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायला हवं. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्नही नकोत. ‘उभं चिरून देतो’ असं मावशी पटकन म्हणाल्या, तर त्या घरात लक्ष देणारं कुणीतरी आहे. ‘सगळी मुलं आवडीने खातात’ म्हणाल्या, तर नमस्कार करून निघा. घशात अडकलंच तर काय करतात, तेही करून दाखवायला सांगा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवत नाहीत ना, आणि त्याला उताणंच झोपवतात ना, हेही विचारून घ्या.

कंपनीजवळचं घ्यायचं हा हट्ट

अंबड-सातपूरला नोकरी आणि घर नाशिकरोडला, मग पाळणाघर कंपनीजवळ घेतलं जातं. डिसेंबरात फर्स्ट शिफ्टला बाळाला त्या थंडीत गाडीवर एवढं लांब न्यायचं, आणि संध्याकाळी द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या कोंडीत अडकायचं. अकरा वाजता ‘ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला, तर अर्ध्या तासात कोण पोचेल? आजी-आजोबा असतील तर घराजवळचं बरं. अंगावर पिणारं बाळ असेल तर मात्र कंपनीजवळच. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. एचआरला विचारायला लाजू नका.

तुमची साप्ताहिक सुट्टी आणि पाळणाघराची सुट्टी एकाच दिवशी येते का तेही बघा. पंचवटी, तपोवन भागात घेणार असाल तर २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्यांना रस्ते बंद असतील, तेव्हा काय करणार ते आत्ताच विचारा.

प्रवेश झाल्यावर बिघडतं तेव्हा

रडतं म्हणून लगेच काढू नका. आठ महिने ते दीड वर्ष या वयात आईला सोडताना रडणं अगदी स्वाभाविक आहे. पहिले काही दिवस तासभर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत असं वाढवत न्या. दारातून गुपचूप सटकू नका, सांगून निघा. तुम्ही गेल्यावर किती वेळात शांत होतं, ते मावशींकडून रोज कळलं पाहिजे. कित्येक आठवडे उलटूनही दिवसभर मुसमुसत असेल, तर प्रश्न मुलात नाही.

डबा रोज चाटूनपुसून रिकामा, पण घरी आल्या आल्या मूल जेवणावर तुटून पडतं? एक दिवस जेवणाच्या वेळी जाऊन बघा. रोज तीन-तीन तास झोपून संध्याकाळी सुस्त असेल, तर कोणतं औषध दिलं ते थेट विचारा. ‘थोडं सर्दीचं दिलं’ हे उत्तर चालवून घेऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे. तुमच्या लेखी परवानगीशिवाय पॅरासिटामॉलचा थेंबही जाता कामा नये.

सुरुवातीचे महिने सर्दी-खोकला वारंवार होणार, त्याला इलाज नाही. पण तापलेली मुलं बाकीच्यांत बसवतात का, यावर लक्ष ठेवा. मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो देऊन ठेवा. डिपॉझिटची पावती आणि सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.