पावसाळ्यात धार काढताना

पाऊस लागून राहिला की गोठ्यातून पहिली तक्रार येते ती दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची. एका सडाची धार पाण्यासारखी येते, दुधात गुठळ्या दिसतात, कास हाताला गरम लागते, जनावर लाथ झाडतं, आणि मग डॉक्टरांना फोन. पण गुठळ्या दिसण्याच्या कितीतरी आधीपासून सुप्त दगडी चालू असू शकते. दूध दिसायला पांढरंशुभ्र, जनावर खातंपितं, फक्त एखाद्या सडाचं दूध हळूहळू घटत जातं.

ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चारही सडांचं थोडं थोडं दूध वेगवेगळं घ्या, प्रत्येकीत तेवढंच द्रावण घाला आणि वाटी मिनिटभर गोल फिरवा. निरोगी सडाचं दूध पातळच राहतं. बाधित सडाचं मात्र शेंबडासारखं चिकट होतं, कारण जंतूंशी लढायला कासेत आलेल्या पेशी साबणाने फुटतात. पंधरा दिवसांतून एकदा करा. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या जनावराच्या दुधावरून मात्र निष्कर्ष काढू नका, तिथे ही चाचणी फसवते.

आता धारेकडे. सगळी कास बदाबदा धुण्याची सवय पावसाळ्यात सोडा. ओल्या कासेवरचं शेणपाणी निथळत थेट सडाच्या टोकाशी येतं, तिथून कासेत आणि बादलीतही. फक्त सड धुवा आणि पुसून कोरडे करा. प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. एकच फडकं गोठाभर फिरवणं म्हणजे दगडी स्वतःच्या हाताने वाटणं. पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपात घ्या, गुठळी लगेच दिसते. त्या जमिनीवर पिळू नका. अंगठा दुमडून धार काढल्याने सडाला आतून इजा होते, मुठीनेच काढा. पान्हा सुटल्यावर सहा-सात मिनिटांत काम आटोपलं पाहिजे. बाधित जनावर नेहमी शेवटी.

धार संपल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा-पाऊण तास उघडंच राहतं. म्हणून प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि वैरण त्याच वेळी टाका. खायच्या नादात जनावर उभं राहतं, चिखलात बसत नाही. इतका स्वस्त आणि गुणाचा उपाय दुसरा नाही, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच.

‘दूध उकळतोच ना आम्ही!’ हे उत्तर मी रोज ऐकतो. उकळल्याने जंतू मरतात, खरं आहे. पण दगडीतला एक नेहमीचा जंतू, स्टॅफिलोकोकस ऑरियस, कोमट दुधात वाढताना विष सोडतो आणि ते विष उकळीलाही दाद देत नाही. पिणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून दूध काढल्यावर दोन तासांच्या आत 4 अंश सेल्सियसपर्यंत थंड झालं पाहिजे. सकाळच्या थंड दुधात संध्याकाळचं गरम दूध ओतू नका. प्रतिजैविकांचे अंशही उकळून पुरते जात नाहीत. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्या जनावराचं दूध, चारही सडांचं, बाजूला काढा.

जनावर धडधाकट दिसतं म्हणून त्याचं दूध निर्धोक, असंही नाही. माल्टा बेटावर तापाने आजारी पडणाऱ्या सैनिकांमागचा जंतू डेव्हिड ब्रूसने 1887 मध्ये शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झमित यांना तो तिथल्या शेळ्यांत सापडला, आणि शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या! तोच हा ब्रुसेला, जनावरांना गाभडवणारा. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडलं तर वार (गर्भाबरोबरची झिल्ली) उघड्या हाताने ओढू नका. हातमोजे घाला, गर्भ आणि वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका, आणि रक्ततपासणी करून घ्या. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्या. गाभण जनावराला ती द्यायची नसते.

राहिला मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. झाकणाचा कागद फाटून पाणी आणि हवा आत शिरली की आंबटपणा उतरतो आणि लिस्टेरिया वाढतो. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो, त्यामुळे असा मुरघास खाल्लेल्या जनावराच्या कच्च्या दुधाला थंड करून भागत नाही. बुरशी आलेला, काळा, लिबलिबीत थर काढून टाका; शेळ्यामेंढ्यांसमोर तर मुळीच नको. एखादी शेळी मान एका बाजूला वळवून गोल गोल फिरताना दिसली, एक कान लोंबलेला, तोंडातून लाळ, तर डॉक्टरांना बोलवा आणि ते येईपर्यंत मुरघासाचा खड्डा तपासा.