हरणांची वीण जवळ आली : कुरण आधी तयार करा, मग लांब राहा

फार्मवर पाळलेल्या लाल हरणांच्या माद्या शरदात माजावर येतात. गाभणकाळ साधारण 233 दिवसांचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर पाडसं जन्मू लागतात. जी दगावतात त्यातली बरीचशी पहिल्या काही दिवसांतच जातात, म्हणून खरी तयारी विणीच्या आधीची.

माद्यांना विणीच्या कुरणात दोन-तीन आठवडे आधीच न्या. ऐन वेळी हलवाहलव नको. कुरणात उंच गवत, झुडपं, आडोसा हवाच. पाडस सुरुवातीचे एक-दोन आठवडे आईमागे फिरत नाही, गवतात दबून पडून राहतं; आई येते, पाजते, निघून जाते. मोकळ्या सपाट कुरणात लपायला जागा नसली की ते कुंपणाकडे सरकतं आणि जाळीतून पलीकडे निसटतं. परतीची वाट त्याला सापडत नाही. तेव्हा कुंपणाच्या तळाशी बारीक जाळी लावा, फाटकाखालच्या फटी बुजवा, चर आणि खोल खड्डे झाकून घ्या.

पहिलारू माद्या वेगळ्या ठेवा. जुन्या, दांडग्या माद्या कधी दुसरीचं पाडस बळकावतात, कधी लाथांनी तुडवतात. अशी मादी ओळखू आली तर हंगामानंतर कळपातून काढा, मग ती दिसायला कितीही उमदी असो.

खुराकाचं गणित जरा नाजूक आहे. गर्भ शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत झपाट्याने वाढतो, त्यामुळे उपासमार चालणार नाही. पण फार लठ्ठ झालेली मादी विताना अडते. वापितीसारखा (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) मोठ्या अंगाचा नर लावला असेल तर हा धोका आणखी वाढतो. दूध सुरू झालं की मात्र हात आखडू नका, चाऱ्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

कळपापासून फुटून कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालणारी मादी विण्याच्या बेतात आहे असं समजा. दुर्बिणीने लांबूनच पाहा. पाय बाहेर दिसून दोन तास झाले आणि पुढे काही सरकत नसेल तर पशुवैद्यकाला बोलवा. एकटं पडलेलं पाडस उचलू नका, ते बहुधा टाकलेलं नसतं. कोणतं पाडस कुणाचं ही नोंद हवीच असेल तर गोष्ट वेगळी. एरवी कानात बिल्ला मारायला दूध तोडेपर्यंत थांबलेलं बरं.

दूध शक्यतो माजाच्या हंगामाआधीच तोडा, म्हणजे माद्यांचं अंग भरतं आणि त्या लवकर गाभण राहतात. माजाचं चक्र साधारण 18 दिवसांचं असतं. नर दोन-तीन चक्रं कळपात राहिला की पुरे; त्यापुढे ठेवला तर उशिराची पाडसं येतात आणि हिवाळा लागतो तेव्हा ती लहानच असतात. दूध तोडताना प्रत्येक मादीची कास तपासा. आटलेली कास म्हणजे ती भाकड तरी राहिली किंवा तिचं पाडस तरी गेलं. नंबर लिहून ठेवा, माद्या निवडताना तो लागेल.