बाटलीवर 'मोनाझाइट' लिहिलंय म्हणून आत मोनाझाइट असेलच असं नाही

आमच्या प्रयोगशाळेतल्या खनिजांच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर, बुचाची एक छोटी बाटली होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत 'मोनाझाइट, केरळ'. मोनाझाइट म्हणजे सिरियम, लँथॅनम, निओडिमियम असले विरल मृदा धातू आणि थोरियम हा किरणोत्सारी धातू पोटात असलेलं जड फॉस्फेट खनिज. नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्राची प्रयोगशाळा सहायक म्हणून मी 28 वर्षं काढली, आणि दरवर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ती बाटली मीच मांडायची. पोरं वहीत लिहायची: रंग तांबूस तपकिरी, चमक राळेसारखी, कठिनता 5 ते 5.5. मार्क मिळायचे. बाटलीत गार्नेट होतं.

हे कळलं ते बिलोली तालुक्यातल्या एका पोरामुळं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात मांजरेची काळी वाळू घेऊन आला. "बाई, यात थोरियम हाय म्हनूलालेत. मोबाइलवर आलंय, कोटीनं जातंय म्हनं." वाळूत खरंच चार-सहा मधाच्या रंगाचे दाणे चमकत होते. त्याच्या वाळूशी ताडून बघायला म्हणून मी आमची ती बाटली काढली, आणि तिचंच बिंग फुटलं. ती तपासणी कशी केली ते सांगते.

आधी एक गोष्ट. आपल्या मराठवाड्यात हे खनिज शोधत फिरू नका. जालना, बीड, परभणी, लातूर, सगळीकडं काळा बेसाल्ट अंथरलेला आहे. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर जी विंधन घेतली, तिच्यात 338 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर कुठं जुना खडक लागायची चाहूल आली. बेसाल्टात कॅल्शियम भरपूर, त्यामुळं फॉस्फरस मिळाला की तो ॲपेटाइट या कॅल्शियमच्या फॉस्फेटमध्ये जाऊन बसतो. मोनाझाइटला कॅल्शियम कमी असलेला ग्रॅनाइट, पेग्मॅटाइट, नाइस असा खडक लागतो. तसला खडक आपल्याकडं उघडा पडलाय तो नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडं. म्हणून त्या पोराला मी हाकलून दिलं नाही. तो संभाजीनगरहून आला असता तर चहा पाजून परत पाठवला असता.

घोळणं

परात घ्या, स्टीलची चालते, आतून काळपट पडलेली लोखंडी असली तर अजून बरं. वाळू ओंजळभर, पाणी बोटभर. डाळीतले खडे काढायला आपण सुपात घोळतो तसंच घोळायचं. हलकं कडेनं वाहून जाऊ द्यायचं, जड तळाशी राहतं. सराफ्यातले झारेकरी हेच करतात. गारेचं, म्हणजे क्वार्ट्‌झचं विशिष्ट गुरुत्व 2.65, मोनाझाइटचं 4.6 ते 5.7, बहुतेक 5 च्या वर. हा फरक हाताला कळतो. पोरांना घाई असते, ती सगळंच सांडतात. दहा मिनिटं घोळा.

तळाशी काळी रेघ उरते. ती कागदावर वाळवा.

लोहचुंबक

जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवी महत्त्वाची, चुंबक बाहेर ओढला की दाणे आपोआप गळतात, नाहीतर खरवडत बसाल. जे पटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. गोदावरी-मांजरेच्या काळ्या वाळूत बेसाल्टमधून आलेलं हे मायंदाळ असतं. त्या पोराच्या पुड्यातला निम्म्याहून जास्त माल इथंच संपला, आणि त्याचा चेहराही उतरला.

मग जोरदार चुंबक, निओडिमियमचा. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून निघतो. त्याला इल्मेनाइट आणि गार्नेट लांबून येतात, झेनोटाइम (मोनाझाइटचा भाऊबंद, त्याचं पुढं सांगते) त्यांच्या मागोमाग, मोनाझाइट अगदी जवळ नेल्यावर सरकत येतं. झिरकॉन, रुटाइल, गार जागचे हलत नाहीत. या चुंबकातला निओडिमियम मोनाझाइटमधूनही काढतात, त्यामुळं चोराच्या मागावर चोराचाच भाऊ पाठवल्यासारखं होतं.

भिंग आणि दिवा

आता दहापट भिंगाखाली एकेक दाणा ओल्या टाचणीच्या टोकानं वेगळा करा. मोनाझाइटचा दाणा गोलसर, अंड्यासारखा, पृष्ठभाग किंचित धुरकट. रंग मधापासून तांबूस तपकिरीपर्यंत. चमक राळ किंवा मेणासारखी. झिरकॉन असेल तर बहुतेकदा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. गार्नेट गुलाबी-लाल, फुटला तर शंखासारखा वेडावाकडा फुटतो, कारण त्याला पाटन, म्हणजे ठरावीक दिशेनं सपाट फुटण्याचा गुण, नाही. मोनाझाइटला एका दिशेनं बऱ्यापैकी पाटन असतं. स्फीन पाचरीसारखा, आणि हलका, 3.5 च्या आसपास.

आणि बिअरच्या बाटलीची काच. हसू नका. पुलाखाली, धाब्यामागं नदीत पडलेली तपकिरी काच वाळूत घासून घासून इतकी सुंदर गोल होते की मीही फसलेय. ती घोळण्यातच निघून जायला हवी, पण एखादा तुकडा राहतोच. पोराच्या सहा दाण्यांतले दोन काच होते.

दिव्याची गंमत मात्र खरी कामाची. मोनाझाइटमधला निओडिमियम पिवळ्या प्रकाशाचा एक पट्टा गिळतो. सूर्यप्रकाश अखंड असतो, म्हणून तिथं दाणा मधासारखा दिसतो. सीएफएल दिव्याचा प्रकाश मोजक्याच रेषांचा बनलेला, त्यात हाच दाणा हिरवट दिसायला लागतो. आधी खिडकीत बघा, मग अंधाऱ्या खोलीत फक्त सीएफएलखाली. आता सगळीकडं एलईडी आले, पण एखादा जुना सीएफएल जपून ठेवा. साध्या एलईडीखाली ही जादू होत नाही.

त्या दिवशी मी सीएफएलखाली पोराचे चार दाणे ठेवले आणि शेजारी आमच्या बाटलीतले चिमूटभर. बाटलीतले जसेच्या तसे तांबडे. दिवा बिघडला म्हणून मी दुसरा लावला. तरी तांबडे. विभागाच्या कुलूपबंद कपाटात केरळातल्या चवऱ्याच्या वाळूची मेण लावलेली एक काचेची कुपी होती, ती सरांकडून मागून आणली. ती ठेवल्याबरोबर हिरवी पडली. म्हणजे दिवा ठीक होता, आमची चिठ्ठी खोटी होती. ती कुणी, कधी चिकटवली ते कुणाला सांगता येईना.

वजन आणि ओरखडा

दाणे पुरेसे असतील, निदान दोन-तीन ग्रॅम, तर विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीनं मोजा. आमच्या कुपीच्या मालाचं गणित असं निघालं: दाण्यांचं वजन 3.20 ग्रॅम. बाटली नुसत्या पाण्यानं भरून 43.43. दाणे टाकून वर पाणी भरून 46.02. म्हणजे दाण्यांनी बाहेर सारलेलं पाणी 43.43 अधिक 3.20 वजा 46.02, म्हणजे 0.61 ग्रॅम. 3.20 भागिले 0.61, उत्तर 5.2. खोट्या बाटलीतला माल 4 च्या आसपास आला. दाण्यांना बुडबुडे चिकटले की उत्तर कमी येतं. म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि बाटली टिचकी मारून हलवा.

चारच दाणे असतील तर बाटली निरुपयोगी. मग दाणा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून घासा. काचेची कठिनता साधारण 5.5. झिरकॉन (7.5) आणि गार्नेट स्वच्छ ओरखडा काढतात. मोनाझाइट 5 ते 5.5 चं, कुचराई करतं. पोराच्या चारपैकी एकानं काच सरळ कापली. उरले तीन.

टिकटिक

मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड 8 ते 10 टक्क्यांपर्यंत. म्हणून गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, वाजतो. पण पोरं इथंच घसरतात: दोन टिकटिक जास्त ऐकल्या की सापडलं! आधी नुसत्या टेबलाची मोजणी दहा मिनिटं घ्या. मग नमुन्याची दहा मिनिटं. आमच्या टेबलाची 183 आली, कुपीची हजारांत, पोराच्या तीन दाण्यांची 191. आता 183 चं वर्गमूळ साडेतेराच्या आसपास. एवढा चढउतार नशिबानंच होतो. 191 ला काही अर्थ नाही. तीन दाण्यांकडून जास्त अपेक्षाही धरू नये. आणि वाजलं तरी ते मोनाझाइटच असं नाही. थोराइट वाजतं, ॲलनाइट वाजतं, झिरकॉनही थोडं वाजतं.

इथं थोडं कडक बोलते. मोनाझाइट दळू नका, खलात कुटू नका, धूळ नाकात जाऊ देऊ नका. खिशात घेऊन फिरू नका. हात धुवा, परात स्वयंपाकघरात परत नेऊ नका. गरम तीव्र गंधकाम्लात ते विरघळतं असं पुस्तकात असतं. ते कारखान्याचं काम, घरच्या मोरीतलं नव्हे. आणि हे खनिज अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतलं आहे. परवान्याशिवाय ते काढता-विकता येत नाही. कोटीचा निरोप धाडणाऱ्याला हे माहीत नसतं.

नाव कसं ठेवतात

ओळख पटली समजा. मग पोर विचारतंच, "बाई, हे नेमकं कोणत्या वर्गात लिहायचं?"

फॉस्फेट हा वर्ग. त्यातही पाणी नसलेलं, जादा ऋणायन नसलेलं, मोठ्या धनायनांचं. स्ट्रुन्त्सच्या खनिज-वर्गीकरणात 8 क्रमांकाचा वर्ग. फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजनचा चौफुला, आणि या चौफुल्यांच्या मधल्या जागेत विरल मृदा धातू. आता हे धातू सगळे एका मापाचे नाहीत. लँथॅनम, सिरियम, निओडिमियम हे मोठे; पुढं पुढं जाल तसे आकसत जातात. मोठ्यांना भोवती नऊ ऑक्सिजन लागतात, त्यांचा घाट मोनोक्लिनिक, मराठी पुस्तकात एकनत. ते मोनाझाइट. यिट्रियम आणि त्याच्या जोडीचे लहान धातू आठ ऑक्सिजनांत भागवतात, त्यांचा घाट चतुष्कोणीय, अगदी झिरकॉनसारखा. ते झेनोटाइम. रसायन तेच, फॉस्फेट तेच. धातूच्या मापावरून घर बदललं. झेनोटाइम मोनाझाइटपेक्षा मऊ, 4 ते 5. भिंगाखाली दोघांत फरक करायला मला आजही भीती वाटते.

मोनाझाइटचं नावही एकट्यानं पुरत नाही. त्यात जो विरल मृदा धातू सगळ्यांत जास्त, त्याची खूण पुढं लावायची: मोनाझाइट-सिरियम, मोनाझाइट-लँथॅनम, मोनाझाइट-निओडिमियम. आपल्या किनाऱ्यावरचं बहुतेक सिरियमचं. पण सिरियम जास्त की लँथॅनम, हे डोळ्यांना, चुंबकाला, बाटलीला कशालाच कळत नाही. त्याला इलेक्ट्रॉन प्रोबसारखं यंत्र लागतं.

आणि थोरियम यात घुसतं कसं? सिरियमचे भार तीन, थोरियमचे चार. हिशेब जुळला पाहिजे. एक मार्ग म्हणजे दोन सिरियम काढून एक थोरियम आणि एक दोन भारांचं कॅल्शियम बसवायचं. हे पूर्ण टोकाला गेलं की चेरालाइट, नाव चेर राज्यावरून, कारण ते आधी जुन्या त्रावणकोरातच ओळखलं गेलं. दुसरा मार्ग म्हणजे फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन. त्या टोकाला हटोनाइट. बाजारात भाव कमी पडला की दुकानदार वजनात भरपाई करतो, तसंच हे.

'मोनाझाइट' हे नाव 1829 मध्ये ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजतज्ज्ञानं दिलं, ग्रीकमधल्या एकटं राहण्याच्या शब्दावरून. स्फटिक सुटेसुटे सापडायचे म्हणून. आपल्या देशातली कथा जास्त मजेची. 1909 मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे दाणे दिसले. तेव्हा थोरियम लागायचं गॅसबत्तीच्या मेंटलला. आमच्या लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन बाया चालायच्या. त्या पांढऱ्या जाळीत 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सिरियम ऑक्साइड. केरळच्या किनाऱ्यावरची वाळू आमच्या गल्लीत उजेड पाडून गेली, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पोराचे तीन दाणे सीएफएलखाली हिरवे पडले नव्हते, हे सांगायचं राहिलं. तरी मी ते कुपीत भरले. त्यानं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'मोनाझाइट' लिहायला घेतलं. मी पेन काढून घेतला आणि त्याच्याकडूनच लिहून घेतलं: 'जड, मधाच्या रंगाचे तीन दाणे. मांजरा नदी, बिलोली तालुका. सीएफएलखाली रंग बदलला नाही. काच कापली नाही. टेबल 183, नमुना 191.' मागं तारीख. मग जुन्या बाटलीची निळी चिठ्ठी पाण्यात भिजवून काढली आणि 'गार्नेट' लिहिली. त्या वर्षीच्या परीक्षेला बाटली मांडलीच नाही. मागच्या मुलांचे मार्क मात्र तसेच राहिले.